नेपल्सचे खेकडे

* हे खेकडे नेपल्सच्या उपसागरातले. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी अशा हजार खेकड्यांची मापे घेतली, तेव्हा शरीराच्या लांबीच्या तुलनेत कपाळाच्या रुंदीचा आलेख एका बाजूला कललेला निघाला. १८९४ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी तो दोन प्रसामान्य वितरणांचे मिश्रण मानला. दोन माध्ये, दोन प्रमाण विचलने आणि मिश्रणातला वाटा अशा पाच अज्ञात राशींसाठी त्यांना नवव्या घाताचे समीकरण सोडवावे लागले, तेही संगणकाविना! (आज १९७७च्या ‘ईएम’ (एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन) रीतीने हे संगणकावर क्षणात होते.) मात्र गणिताने दोन गट दाखवले, एवढ्यावरून खेकड्यांच्या दोन जाती सिद्ध होत नाहीत, एकच कललेले वितरणही असाच आलेख देऊ शकते. — संपादक