नेरूळची आगरी बोली : उच्चार, शब्द आणि अर्थ

नवी मुंबईतील ‘नेरूळ’ या नावाच्या अखेरीस ‘ळ’ आहे. परंतु ज्या मूळ गावावरून उपनगराला हे नाव मिळाले, त्या गावच्या आगरी बोलीत ‘ळ’ हा ध्वनीच नाही. जुन्या वळणाची आगरी बोलणारा गावकरी सहजपणे ‘नेरूल’ म्हणतो. शेजारचे सारसोळे त्याच्या तोंडी ‘सारसोले’ होते आणि शिरवणे ‘शिरवने’. लोकलमधील अमराठी प्रवासीही ‘नेरूल’च म्हणतो आणि त्याला कोणी हटकत नाही. गावकऱ्याने तेच म्हटले, की उच्चार अशुद्ध ठरतो. आगरी म्हणजे प्रमाण मराठीचा बिघडलेला अवतार, हा समज इतका रुजला आहे, की त्या बोलीला स्वतःचे नियम आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

‘आगरी’ हे नाव ‘आगर’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. मिठागरे, खाडीकाठची भातशेती आणि मासेमारी हे या समाजाचे परंपरागत व्यवसाय. ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबई परिसरात ही बोली पसरलेली असून उरण, अलिबाग, पनवेल, भिवंडी असे गाव बदलत गेले की तिची लकबही बदलते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणातील मराठी बोलींमध्ये आगरीची नोंद आहे.

या बोलीची ओळख प्रथम कानाला पटते. ‘ळ’चा ‘ल’ होतो : डोळा–डोला, काळा–काला. ‘ण’चा ‘न’ होतो : पाणी–पानी, कोण–कोन. सर्वांत लक्षणीय आहे तो ‘ड’चा ‘र’. घोडा म्हणजे ‘घोरा’, गाडी म्हणजे ‘गारी’, आणि खाडीतला प्रसिद्ध मासा जिताडा हा ‘जितारा’. मात्र शब्दारंभीचा ‘ड’ शाबूत राहतो. डोंगराचा ‘रोंगर’ कोणी करीत नाही. याचे कारण उच्चारशास्त्रात आहे. प्रमाण मराठीतही दोन स्वरांमधला ‘ड’ शब्दारंभीच्या ‘ड’सारखा ठसठशीत नसतो, जीभ टाळूला ओझरती आपटून खाली येते. ‘डबा’ आणि ‘गाडी’ हे शब्द एकापाठोपाठ उच्चारून पाहिल्यास हा फरक कोणालाही जाणवेल. प्रमाण मराठीने ज्या वाटेवर एक पाऊल टाकले, त्या वाटेवर आगरी दोन पावले गेली, एवढेच.

ध्वनी एकत्र आले की काही शब्दही एकरूप होतात. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मण’ आणि ‘मन’ यांतला भेद मग संदर्भावरूनच ओळखायचा. खाडीची ‘खारी’ होते तेव्हा नवख्या माणसाला चहाबरोबरची खारी आठवते; गावात मात्र गोंधळ होत नाही, कारण ‘खारीवर गेला’ म्हटल्यावर तो कुठे गेला हे सर्वांना ठाऊक असते.

व्याकरणातील वेगळेपणाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. ‘मला’ऐवजी आगरीत ‘मना’ येते आणि ‘घरात’, ‘गावात’ यांऐवजी ‘घरान’, ‘गावान’. प्रमाण मराठीच्या वाचकाला हा ‘न’ तृतीयेचा वाटतो आणि वाक्याचा अर्थच फिरतो. ‘आली’ हे रूप ‘आयली’ असे होते, तर ‘विकत’, ‘विचार’ यांचा आरंभीचा ‘व’ गळून ‘इकत’, ‘इचार’ उरतात. ही शेवटची लकब अर्थात महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांतही ऐकू येते. नात्यांच्या नावांना लागणारा ‘स’ विशेष गोड आहे. बापूस म्हणजे वडील, आवस म्हणजे आई, दादूस म्हणजे थोरला भाऊ. बापूस हा शब्द मालवणीतही आहे. पण दादूस ही हाक आज आगरी माणसाची ओळखच बनून गेली आहे.

उच्चार टिकतात, शब्द मात्र वस्तूंबरोबर जातात. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. गावठाणे राहिली, भोवतालची शेते आणि मिठागरे गेली. भरतीचे पाणी जिथे शिरते ते खाजण. बांधातून ते पाणी आत-बाहेर सोडणारे दार ती उघाडी. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ते उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती तो भांग. भाताची रोपे लावणे म्हणजे आवणी, अर्थात ‘आवनी’. आणि झोडणीचे खळे म्हणजे ‘खला’. सेक्टरमध्ये वाढलेल्या मुलाला ‘गारी’ म्हणजे काय ते सहज कळते. ‘उघाडी’ त्याला समजावून सांगावी लागते, आणि दाखवायला बांधच उरलेला नसतो.

एका प्रतिष्ठित भाषेच्या अगदी शेजारी राहण्याचे हे दुखणे जगात इतरत्रही आहे. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेला इंग्रजीचा गावठी उच्चार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. इंग्रजीतील ‘हाउस’ला स्कॉट्समध्ये ‘हूस’ म्हणतात. वास्तविक ‘हूस’ हाच जुना उच्चार; बदलली ती इंग्रजी. आगरीचे तसे नाही, तिच्यातील ‘ळ’चा ‘ल’ हा नंतरचा बदल आहे. पण दोन्हीकडे बदल नियमानेच झाला, अज्ञानाने नव्हे. जॉन जेमिसन यांनी स्कॉट्सचा व्युत्पत्तिकोश १८०८ मध्ये प्रसिद्ध केला आणि स्कॉटलंडच्या संसदेने २०२५ मध्ये कायद्याने तिला अधिकृत दर्जा दिला. शब्दांची पद्धतशीर नोंद आधी झाली, मान्यता दोन शतकांनी आली.

आगरीच्या वाट्याला अलीकडे गाणी, विनोदी ध्वनिचित्रफिती आणि साहित्य संमेलने आली आहेत. त्यांमुळे बोली तरुणांच्या कानावर पडते, हे खरेच. परंतु विनोदासाठी वापरलेल्या बोलीत ठसका जितका उतरतो तितका शब्दसाठा उतरत नाही. तो साठा शोधायचा तर लग्नातील धवल्यांकडे वळावे लागते. आगरी लग्नाचे विधी जुन्या प्रथेप्रमाणे ‘धवलारीण’ ही स्त्री गाऊन पार पाडते, आणि प्रत्येक विधीचे गाणे वेगळे असते. हे धवले प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आले. ते उतरवून घेताना पहिलीच अडचण लेखनाची येते. ‘खाडी’ लिहिले तर उच्चार हरवतो आणि ‘खारी’ लिहिले तर बाहेरच्या वाचकाला अर्थ लागत नाही. त्यावर सरळ उपाय म्हणजे शब्द गाणारीच्या उच्चाराप्रमाणे लिहावा, अर्थ शेजारी द्यावा आणि तो कोणत्या गावात ऐकला तेही नोंदवावे. कारण नेरूळचा शब्द उरणला त्याच रूपात मिळेलच असे नाही.