पठ्ठे बापूराव, पवळा आणि परकेपणाचे गाणे

१/
रेठरे हरणाक्ष येथील एक कुलकर्णी तमाशाच्या बोर्डावर उभा राहून आपले नाव, आपली जात आणि आपले गाव गाण्यातून सांगत असे. सोवळे आपण स्वखुशीने सोडले, हेही तो त्याच गाण्यात अभिमानाने सांगे. प्रेक्षक त्यावर फेटे उडवीत. त्याच बोर्डावर त्याच्या शेजारी एक स्त्री उभी असे. तिच्याविषयी पुष्कळ गाणी झाली, पण तिचे स्वतःचे गाणे आपल्याला ठाऊक नाही. आजची मालिका या दोघांविषयी आहे.

२/
‘मी इथला नाही, पण मी जसा आहे तसाच राहीन’ असे सांगणारे गाणे म्हटले की आजच्या श्रोत्याला स्टिंगचे ‘इंग्लिशमन इन न्यूयॉर्क’ आठवते. १९८७ च्या संग्रहातील हे गाणे क्वेंटिन क्रिस्प या लेखकावरून सुचले होते. समलैंगिकता गुन्हा ठरत असलेल्या इंग्लंडमध्ये क्रिस्प यांनी आपली ओळख कधी लपवली नाही. पुढे, १९८१ मध्ये, सत्तरी उलटल्यावर ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले.

३/
मराठीत या भावनेचे लोकप्रिय गाणे त्याच्या कितीतरी आधी झाले, आणि ते लावणीच्या परंपरेत झाले. लावणी हे त्या काळचे खरेखुरे लोकप्रिय संगीत होते. गावोगावच्या जत्रांत आणि पुढे मुंबईच्या कामगार वस्तीतील थिएटरांत तिला तिकीट काढून येणारा श्रोता होता. एका फडाची चाल दुसरा फड उचलत असे, आणि नवी लावणी गिरणीच्या खात्यापर्यंत पोहोचत असे.

४/
तमाशाचा क्रम ठरलेला असे : आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. फडातील कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या जातींतले असत. गावकुसाबाहेरचा माणूस रात्री गावाच्या मध्यावर येई, सारे गाव त्याच्यापुढे बसे, आणि दिवस उजाडला की तो पुन्हा कुसाबाहेर जाई. तमाशातील कोणतेही गाणे समजून घेताना ही येजा ध्यानात ठेवावी लागते.

५/
शाहीर आपल्या रचनेच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. संतांच्या अभंगांतही ती आहे. छापखाना नव्हता तेव्हा रचनेवरचा हक्क सांगण्याचा तोच मार्ग होता. ज्याची मुद्रा, त्याचे गाणे. ज्याला मुद्रा नाही, त्याचा आवाज कितीही गाजला तरी पुढच्या पिढीच्या वहीत तो उतरत नाही.

६/
ब्राह्मण घरातला मुलगा तमाशात गेला, असे बापूरावांच्या आधीही घडले होते. सोलापूरचे राम जोशी (१७६२–१८१२) हे त्याचे ठळक उदाहरण. वडील बंधू मुद्गल जोशी पुराणिक होते. धाकट्याला धोंडीबा शाहिराच्या फडाचा नाद लागला, म्हणून त्याला घराबाहेर पडावे लागले. पुढे पंढरपुरात त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि कीर्तनकार म्हणूनही मान्यता मिळवली.

७/
संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) यांची कथाही अशीच. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. दोन्ही चरित्रांचा उत्तरार्ध सारखाच आहे. तमाशात गेलेल्या ब्राह्मण शाहिराला कीर्तनाच्या वाटेने प्रतिष्ठेत परतता येत होते. परतीचे हे दार त्याच्यासाठी उघडे राही.

८/
श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी त्या दारातून परत जाण्याचे नाकारले. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. लहानपणी जात्यावरच्या ओव्या कानी पडल्या, मग तमाशाचे वेड लागले. आधी ते फडांसाठी लावण्या लिहीत. पुढे स्वतःच फडात उभे राहिले आणि ‘पठ्ठे बापूराव’ झाले. ‘मिठाराणीचा वग’ ही त्यांची गाजलेली रचना.

९/
कुलकर्ण्याच्या मुलाने तमाशाला जाणे त्या काळी फार अपूर्व नव्हते. रात्री अंगावर घोंगडी घेऊन मागे उभे राहणारे प्रतिष्ठित गावोगाव असत. बापूरावांनी मात्र महार-मांग कलावंतांबरोबर उघडपणे राहणे, जेवणे आणि नाचणे पत्करले. यात लपवण्यासारखे काही उरले नाही, म्हणून समाजाला डोळेझाक करण्याची सोयही उरली नाही. जातीने त्यांना दूर केले.

१०/
संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळेचे गाव. ती महार कुटुंबात जन्मली. तमाशात पूर्वी स्त्रीची कामे बहुधा नाच्या पोरे करीत. त्या बोर्डावर आपल्या नावाने गाजलेल्या पहिल्या स्त्रियांत पवळेची गणना होते. तिचे रूप आणि तिचा आवाज यांची कीर्ती दूरवर पसरली होती. बापूरावांचे शब्द आणि पवळेचे गाणे ही जोडी मुंबईतही तुफान चालली.

११/
याच काळात बापूरावांनी आपला परिचय देणाऱ्या लावण्या रचल्या. लोकांनी नावे ठेवली होती, ती सारी त्यांनी स्वतःच गाण्यात घेतली. कुळ कोणते, सोडले काय आणि धरले काय, याचा हिशेब त्यांनी भर तमाशात मांडला. ज्यांनी बहिष्कार घातला त्यांच्याकडे क्षमायाचना नव्हती, उलट आपल्या निवडीचा रोखठोक डौल होता. त्याची निंदा करू पाहणाऱ्याला नवे बोलायला काही शिल्लकच राहत नसे.

१२/
हे गाणे लोकांनी उचलून धरले, यामागे कारण होते. समोर बसलेला बहुसंख्य श्रोता शेतकरी, बलुतेदार, गिरणी कामगार होता. सोवळ्याचा जाच त्याने दुसऱ्या बाजूने भोगला होता. ते सोवळे धारण करणारा माणूसच ते उतरवून ठेवल्याचे सांगतो, हे ऐकताना त्याला आपलीच बाजू कुणीतरी मान्य करतो आहे असे वाटले असणार.

१३/
मात्र येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सोवळे सोडल्याचे गाणे गाण्यासाठी आधी सोवळे असावे लागते. बापूरावांचा त्याग खरा होता आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. पण परकेपण ही त्यांची निवड होती. पवळेला ते जन्मतः मिळाले होते. तिने कोणते गाणे गायचे? तिच्याकडे टाकून देण्यासारखे उच्चपण नव्हते, आणि जे टाकून द्यावेसे वाटले असेल ते टाकण्याची मुभा नव्हती.

१४/
लावणीतील ‘मी’ बहुतेक वेळा स्त्री असते. ती बोलते, रुसते, मागते, आव्हान देते. परंतु हा ‘मी’ लिहिणारे शाहीर बहुतांशी पुरुष. गळा तिचा, शब्द त्याचे, आणि अखेरच्या ओळीतील मुद्राही त्याचीच. त्यामुळे पवळेचा आवाज हजारोंनी ऐकला, तरी पवळेच्या मुद्रेची रचना आज आपल्यासमोर नाही. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि ती जोडी फुटली. त्या फुटण्याची तिची बाजूही तिच्या शब्दांत उरलेली नाही.

१५/
बापूरावांविषयी आणखी एक आठवण सांगितली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीसाठी त्यांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेण्यास नकार दिला. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती, असे त्या आठवणीत येते. ज्या बोर्डावर बापूरावांना जातीपासून मुक्ती दिसली, त्याच बोर्डावर बाबासाहेबांना जातीचा बाजार दिसला.

१६/
याच भूमिकेतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिक भागातील भीमराव कर्डक हे त्याचे एक प्रमुख शाहीर. ढोलकी आणि सवाल-जवाब तमाशातूनच आले. गवळणीतील शृंगार मात्र काढून टाकला आणि त्या जागी शिक्षण, पाणवठा, मंदिरप्रवेश हे विषय आले. परंतु जलशांत सुरुवातीला स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. पवळेच्या व्यवसायातला अपमान जलशाने ओळखला, पण खुद्द पवळेसाठी त्या मंचावर जागा नव्हती.

१७/
त्यानंतरच्या पिढीत सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४) आले. वामनदादा शाळेत शिकले नव्हते. अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली, आणि मग त्यांनी आयुष्यभर गाणी रचली. अखेरच्या ओळीतील ‘वामन’ ही मुद्रा महाराष्ट्रभर पोहोचली. जन्मतः बाहेर ठेवलेल्या माणसाने आपले नाव स्वतः गाण्यात घालून आपला परिचय दिला. बापूरावांच्या गाण्याला मिळालेले हे दुसऱ्या बाजूचे उत्तर मानता येईल.

१८/
आपल्या भागाला हे उत्तर परके नाही. १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून कुडव्यासारख्या गावांतही दरवर्षी १४ एप्रिलला भीमगीत हेच सर्वांच्या ओठांवरचे गाणे असते.

१९/
आणि पवळेच्या वाटेने पुढे आलेल्या स्त्रिया? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी स्वतःचा फड चालवला आणि राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवला. तमाशा रंगात असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्या कौतुकात एक प्रश्न दडपला जातो : त्या रात्री त्यांना विश्रांती घेण्याची सोय का नव्हती? अखेरचे दिवस त्यांनीही हलाखीत काढले.

२०/
बापूरावांचा शेवटही विपन्नावस्थेत झाला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लोकांनी गाणे सांभाळले, माणूस सांभाळला नाही. तरीही त्यांचे जन्मगाव, जन्मतारीख, रचना आणि मुद्रा आपल्याकडे आहे. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना पवळेला बापूरावांच्या सावलीतून बाहेर आणले. पवळेच्या काळानंतर कितीतरी दशकांनी हे काम झाले.

२१/
यावरून बापूरावांचे गाणे खोटे ठरत नाही. जातीची चौकट आतून मोडणारा माणूसही लागतो, आणि त्याने ते गाऊन सांगितले म्हणून इतरांना धीर आला. एवढेच की, ‘मी जसा आहे तसा’ हे वाक्य उच्चारायला प्रत्येकाला सारखाच खर्च येत नाही. कुणाला प्रतिष्ठा सोडावी लागते, तर कुणाला ती आधी मिळवावी लागते. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकली तरच चित्र पुरे होते.

२२/
आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. रात्री दंडार होते, खडी गंमत होते, आणि कुडव्यापासून आमगाव-देवरीपर्यंत लोक पहाटेपर्यंत बसतात. या मंचांवर गायलेल्या स्त्रिया आणि स्त्रीवेशात नाचलेले पुरुष अजूनही घराघरांत आठवतात, पण त्यांची नावे फारशी कुठे छापलेली नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. नाव, गाव, फड आणि साधारण साल, एवढे जरी वहीत उतरवले तरी पुढच्या अभ्यासकाला पवळेइतके चाचपडावे लागणार नाही. आपल्याला आठवणारी नावे खाली अवश्य लिहा.

मालिका समाप्त.