सिरोंच्याची चूल

प्राणहिता जेथें गोदावरीस मिळते, त्या संगमाजवळचें सिरोंचा हें गांव आज महाराष्ट्राच्या अगदीं टोंकास पडलें आहे. परंतु १८६० सालीं इंग्रजांनीं केलेल्या अपर गोदावरी जिल्ह्याचें तें मुख्य ठाणें होतें. १८७४ मध्यें तो जिल्हा मोडून हा तालुका चांद्याकडे आला, आणि १९८२ मध्यें नव्या गडचिरोली जिल्ह्यांत गेला. सरहद्दी बदलल्या, तेलुगू, गोंडी व मराठी बोलणाऱ्या घरांतील लांकडाची चूल मात्र राहिली. हवा तापण्याचा दोष कोणाचा, या वादांत अशा चुलीकडेहि बोट दाखविलें जातें. तिचा इतिहास पाहिल्यावांचून तो निवाडा देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

सरकारास या मुलुखांतून दोन गोष्टी हव्या होत्या : नदीची वाट आणि साग. मध्यप्रांताचा कापूस गोदावरीवाटे समुद्रास न्यावा म्हणून खडक फोडण्याचें काम बरींच वर्षें चाललें. १८७१ मध्यें तो नाद सोडावा लागला. सागाचा सोडला नाहीं. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं जंगलावर सरकारचा हक्क पक्का केला, आणि १८९४ च्या वनधोरणानें मोलाच्या लांकडाचीं जंगलें निराळीं व जळण-चराईचीं निराळीं अशी वर्गवारी ठरविली. काल जो रिवाज होता, तो ‘निस्तार’ या नांवाखालीं सरकारी सवलत झाला. वाळक्या काटक्यांची मोळी आणणारी बाई आपल्याच रानांत परवानगीची धनीण ठरली.

त्याच चांदा जिल्ह्यांत वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण चालत असे. १९०६ मध्यें ती बंद पडली, पण कोळशाचें युग संपलें नाहीं. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति आज २९२० मेगावॅट आहे. येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. लांकडांतील कर्ब झाडानें कांहीं वर्षांपूर्वीं हवेंतूनच घेतलेला असतो, आणि रान पुन्हां वाढूं दिल्यास तो पुन्हां झाडांत जातो. कोळशांतील कर्ब पंचवीस कोटींहून अधिक वर्षें भूगर्भांत कोंडलेला होता. तो एकदां सुटला कीं लवकर परतत नाहीं. इंधनें जाळून दर माणशीं वर्षाला अमेरिकेंत सुमारें १४ टन कर्बवायु निघतो, हिंदुस्थानांत सुमारें २. त्या दोन टनांतहि सिरोंच्याच्या झोंपडीचा वांटा किती, हें वाचकांनींच ताडावें.

म्हणून आम्ही चुलीचे वकील झालों असें कोणी समजूं नये. वैलावर आमटी रटरटतांना घरांत कोंडणारा धूर बाईच्या आणि तिच्या कडेवरील मुलाच्या छातींत बसतो. हें नुकसान खरें आहे, आणि काव्यमय ग्रामचित्रांनीं तें झांकत नाहीं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस गरिबांच्या घरीं पोंचूं लागला. पण पुढचें सिलिंडर रोकड मागतें, मोळी केवळ श्रम मागते. म्हणून शेगडीशेजारीं चूल पेटतच राहते.

२००६ च्या कायद्यानें वनवासी समाजाचे रानावरील हक्क मान्य झाले, व २००९ मध्यें याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवास ते मिळाले. ज्यांचें रान त्यांच्या हातीं असेल, तेच तें वाढतें ठेवतील. गॅस द्यावयाचा तो त्या बाईच्या छातीसाठीं, आणि तिला परवडेल अशा भावानें. आमच्या घरांतील दिव्यांचें प्रायश्चित्त तिच्या चुलीनें घेण्याचें कारण नाहीं.