लिनोकट : काळ्या-पांढऱ्यातील रानवाट

लिनोकट हा मुद्राचित्रणाचा एक प्रकार. छापलेले चित्र म्हणजे मूळ चित्राची प्रत, अशा समजुतीने अनेक रसिक त्याकडे पाठ फिरवतात. वस्तुतः कलावंताने स्वतः कोरलेल्या ठशावरून काढलेला प्रत्येक छाप ही मूळ कलाकृतीच असते. झाडे, वेली व निसर्गदृश्ये यांच्या लिनोकटमध्ये या माध्यमाचे सामर्थ्य विशेषत्वाने जाणवते.

जवसाचे तेल, बुचाची भुकटी आणि भरड कापड यांपासून बनणाऱ्या लिनोलियमचा शोध इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात लावला, तो जमिनीवर अंथरण्यासाठी. पुढे चित्रकारांनी ते कोरण्यास घेतले. लाकडासारखे रेषे नसल्याने त्यावर कोरणी कोणत्याही दिशेला वळते. पानाची कड, वेलीचा वेढा, टेकडीचा उतार त्यामुळे सहज साधतो. कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो. उरलेल्या उंच भागाला रुळाने शाई लागते. चित्र उलटे उमटत असल्याने ठसाही उलटाच कोरावा लागतो. एकदा काढलेला तुकडा पुन्हा बसवता येत नाही. साहजिकच काय ठेवावे याइतकाच काय वगळावे, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

भारतात या माध्यमाला प्रतिष्ठा लाभली ती शांतिनिकेतनात. तेथील कलाभवनाची स्थापना १९१९ मधील. दांडीयात्रेतील गांधीजींचे नंदलाल बोस यांनी केलेले 'बापूजी' हे १९३०चे लिनोकट सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'सहज पाठ' या बालवाचनमालेसाठी त्यांनी लिनोकट केले. त्यांत झाडे, माणसे आणि ग्रामजीवन मोजक्या काळ्या आकारांत साकारले आहे. उंच ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापता येत असल्याने पुस्तकासाठीही हे माध्यम सोयीचे होते.

असे चित्र पाहताना आधी पांढऱ्या भागाकडे लक्ष द्यावे. झाडावरचे ऊन, पाण्याची चमक, पानाच्या शिरा तेथेच असतात. कोरणीचे फटकारे फांदीच्या वाढीची दिशा धरतात का, हे न्याहाळावे. छापाखाली पेन्सिलीने '५/२०' असे लिहिले असल्यास एकूण २० छापांच्या आवृत्तीतील तो पाचव्या क्रमांकाचा, असा अर्थ होतो. ऑफसेट प्रतिकृतीत भिंगाखाली बारीक ठिपके आढळतात. हाताने घेतलेल्या छापात ते नसतात. चित्र विकत घेऊ इच्छिणाऱ्याने एवढी पारख करूनच पैसे मोजावेत.