तोयोतोमी हिदेयोशीची एकीकरण मोहीम

तोयोतोमी हिदेयोशीची एकीकरण मोहीम (१५८२–१५९१) : जपानमधील परस्परांशी लढणाऱ्या सरदारांना (दाईम्यो) एका सत्तेखाली आणणाऱ्या लढाया, वेढे आणि तह यांची मालिका. ओनिन युद्धापासून (१४६७–१४७७) जपानमध्ये मध्यवर्ती सत्ता उरली नव्हती. सम्राट आणि शोगुन (लष्करी शासक) नामधारी झाले होते व प्रांतोप्रांतीचे सरदार आपापले मुलूख तलवारीच्या बळावर राखत होते. ओवारी प्रांताच्या ओदा नोबुनागाने १५६८ मध्ये क्योतो हाती घेऊन मध्य जपान जिंकत आणला. त्याचे अपुरे राहिलेले काम हिदेयोशीने पुरे केले. हिदेयोशी हा सामान्य शेतकरी-शिपाई घराण्यातला. त्याला कुळाचे आडनावही नव्हते. नोबुनागाच्या चाकरीत तो केवळ कर्तबगारीवर सेनापतिपदाला पोहोचला.

जून १५८२ मध्ये हिदेयोशी बित्चू प्रांतातील ताकामात्सुच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. पश्चिमेकडील बलाढ्य मोरी घराण्याचा हा किल्ला दलदलीत असल्याने त्याच्यावर थेट हल्ला चालत नव्हता. हिदेयोशीने मातीचा लांबच लांब बांध घालून आशिमोरी नदीचे पाणी किल्ल्याभोवती वळवले. पावसाळ्याचे दिवस असल्याने थोड्याच काळात किल्ला तळ्यात उभा राहिला आणि शिबंदीची रसद तुटली. तेवढ्यात २१ जूनला क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात आकेची मित्सुहिदे या सरदाराने बंड करून नोबुनागाचा अंत घडवल्याची बातमी आली. हिदेयोशीने ती मोरींना कळू दिली नाही आणि घाईने तह उरकला. तहाप्रमाणे किल्लेदार शिमिझु मुनेहारु याने दोन्ही सैन्यांसमक्ष त्या तळ्यात होडीत बसून पोट चिरून घेतले व शिबंदीचे प्राण वाचले. लगोलग हिदेयोशीने फौज पूर्वेकडे वळवली आणि सुमारे २०० किमी. मजल मारून २ जुलैला यामाझाकी येथे मित्सुहिदेचा पराभव केला. धन्याच्या हत्येचा सूड त्याने घेतला, या एका गोष्टीमुळे वारसाहक्काच्या वादात त्याचे पारडे जड झाले.

पुढच्याच वर्षी शिझुगाताके येथे त्याने नोबुनागाचा ज्येष्ठ सेनापती शिबाता कात्सुइए याला हरवले आणि त्याच वर्षी ओसाका येथे प्रचंड किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. १५८४ मध्ये मात्र कोमाकी-नागाकुते येथे तोकुगावा इएयासु या बलाढ्य सरदाराने त्याला रोखले. नागाकुतेच्या लढाईत हिदेयोशीच्या पक्षाचा पराभव झाला, आणि रणांगणात न जिंकता आलेल्या या माणसाला त्याने वाटाघाटींनी वळवले. आपली बहीण इएयासुला दिली व पाठोपाठ जन्मदात्या आईलाही ओलीस म्हणून त्याच्या मुलखात पाठवले. तेव्हा कोठे १५८६ मध्ये इएयासु ओसाकाला येऊन मुजऱ्याला उभा राहिला. हिदेयोशीच्या मोहिमेचे खरे बळ अशा तडजोडींत होते.

१५८५ मध्ये त्याने शिकोकू बेट घेतले. तिथला चोसोकाबे मोतोचिका शरण आल्यावर त्याचा तोसा हा मूळ प्रांत त्याच्याकडेच ठेवला. त्याच साली हिदेयोशीला सम्राटाकडून काम्पाकू (राजप्रतिनिधी) हे पद मिळाले. त्यानंतर तो सरदारांना आपसातील लढाया थांबवण्याची फर्माने सम्राटाच्या नावाने काढू लागला. फर्मान मोडणारा तो बंडखोर, अशी मांडणी झाल्याने प्रत्येक स्वारीला कायद्याचा आधार मिळाला. क्यूशू बेटावरील शिमाझु घराण्याने असे फर्मान धुडकावले, तेव्हा १५८७ मध्ये सुमारे दोन लाखांची फौज तिथे उतरली. शिमाझु योशिहिसा मुंडण करून शरण आला. त्याच्या घराण्याकडे सात्सुमा आणि त्याला लागून असलेला मुलूख राहू दिला गेला.

क्यूशूहून परतण्यापूर्वी हिदेयोशीने ख्रिस्ती धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याची अंमलबजावणी ढिली राहिली आणि पोर्तुगीज व्यापार तर चालूच होता. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने १५८८ मध्ये त्याला लिहिलेले पत्र जेझुइट अधिकारी व्हॅलिन्यानो याने १५९१ मध्ये क्योतोला सादर केले. ते तेथील म्योहो-इन मंदिराच्या संग्रहात आहे.

शेवटचा मोठा शत्रू म्हणजे कांतो प्रदेशावर पाच पिढ्या अंमल असलेले होजो घराणे. त्यांच्या ओदावारा किल्ल्यापुढे उएसुगी केनशिन आणि ताकेदा शिंगेन यांच्यासारख्या नामांकित योद्ध्यांनाही हात हलवत परतावे लागले होते. गावासकट सारी वस्ती सुमारे ९ किमी. घेराच्या तट-खंदकात घेतलेली असल्याने वेढा घालणाऱ्यांचेच धान्य आधी संपेल, असा होजोंचा हिशेब होता. हिदेयोशीने नेमका हाच हिशेब मोडला. १५९० च्या स्वारीत त्याने धान्यखरेदी आणि जहाजवाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था नात्सुका मासाइए याच्याकडे सोपवली. समुद्राची बाजू मोरी व चोसोकाबे यांच्या गलबतांनी बंद केली. म्हणजे कालचे शत्रूच आजच्या वेढ्यात कामाला आले. छावणीत व्यापारी आले, चहासमारंभ झाले. सरदारांनी बायकांना बोलावून घ्यावे अशी मुभा मिळाली आणि हिदेयोशीनेही आपल्या योदो या पत्नीला बोलावून घेतले. समोरच्या डोंगरावर सुमारे ८० दिवसांत इशिगाकियामा हा दगडी तटाचा किल्ला उभा राहिला. तो तयार झाल्यावर पुढची झाडे तोडली गेली व एका रात्रीत किल्ला उगवल्याचे ओदावाराकरांना दिसले, अशी कथा आहे. दरम्यान कांतोतील इतर किल्ले एकेक करून पडत होते. हाचिओजीत एका दिवसात भीषण कत्तल झाली. ओशी येथे मात्र ताकामात्सुसारखाच पाणी कोंडण्याचा प्रयोग हिदेयोशीचा सरदार इशिदा मित्सुनारी याला साधला नाही. ओदावारा सुमारे तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या आरंभी शरण आला. होजो उजिमासा आणि त्याचा भाऊ उजितेरु यांना पोट चिरून घ्यावे लागले. उजिमासाचा मुलगा उजिनाओ हा इएयासुचा जावई असल्याने त्याच्या वाट्याला कोया पर्वतावरील हद्दपारी आली.

उत्तरेचा दाते मासामुने वेढा चालू असतानाच, उशिराने का होईना, हजर झाल्यामुळे वाचला. १५९१ मध्ये कुनोहे मासाझानेचे बंड मोडल्यावर ईशान्येतील सशस्त्र विरोध संपला. मासाझाने शरण आला, तरी त्याला ठार करण्यात आले. बलाढ्य घराण्यांना मिळालेली उदारता लहान बंडखोरांना मिळाली नाही. १५८५ मध्ये किई प्रांतातील नेगोरो-जी हा सशस्त्र भिक्षूंचा मठही असाच जाळण्यात आला होता.

जिंकलेल्या मुलखात लगोलग जमीनमोजणी होई. मोजमापाची परिमाणे सर्वत्र सारखी करून प्रत्येक जहागिरीचे उत्पन्न भाताच्या कोकू या मापात नोंदले गेले आणि सरदारांचे लष्करी देणेही त्यावरूनच ठरू लागले. १५८८ च्या हुकमाने शेतकऱ्यांकडील तलवारी, भाले व बंदुका जमा करण्यात आल्या. १५९१ मध्ये सामुराईंना शेतकरी वा व्यापारी होण्यास आणि शेतकऱ्यांना व्यापाराकडे वळण्यास बंदी झाली. स्वतः शेतकरी घरातून वर आलेल्या हिदेयोशीनेच ही वाट बंद केली.

होजोंचा कांतो मुलूख त्याने इएयासुला दिला आणि त्याबदल्यात त्याचे वडिलोपार्जित प्रांत काढून घेतले. इएयासुने एदो (आजचे तोक्यो) येथे ठाणे केले. हिदेयोशीने १५९२ पासून कोरियावर केलेल्या स्वाऱ्या फसल्या आणि १५९८ मध्ये तो मरण पावला. त्याचा वारस हिदेयोरी तेव्हा लहान मूल होता. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून सत्ता इएयासुने घेतली आणि १६०३ मध्ये तो शोगुन झाला.