तोंडाचे आणि कानाचे खेळ

वात्स्यायनाच्या 'कामसूत्रां'त चौसष्ट कलांची यादी आहे. तींत गायन, नृत्य, माळा गुंफणें यांच्या पंक्तीला तीन कला अशा बसल्या आहेत, कीं आजचा शिक्षक त्यांना खुशाल भाषेच्या तासाचे खेळ म्हणेल : प्रहेलिका, दुर्वाचकयोग आणि प्रतिमाला. प्रहेलिका म्हणजे कोडें. दुर्वाचकयोग म्हणजे उच्चारतांना जीभ अडखळावी अशी शब्दरचना. कच्च्या-पक्क्या पापडांनीं फजीत झालेल्या मराठी मुलाला ती निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. प्रतिमाला म्हणजे आपली अंत्याक्षरीच होय. 'जयमंगला' टीकेंत तसें स्पष्ट म्हटलें असून, हा खेळ करमणुकीसाठीं तसाच वादासाठींही आहे, असें टीकाकार सांगतो.

वादासाठीं, हें त्यांतलें मर्म. प्रतिपक्षाचा श्लोक संपेपर्यंत कान देऊन ऐकावें लागतें. शेवटचें अक्षर हुकलें कीं पाळी फुकट गेली. मराठी घरांत हाच खेळ भेंड्यांच्या रूपानें नांदला. त्यांत 'ळ' पदरीं आला म्हणजे मोठी पंचाईत, कारण 'ळ'नें आरंभ होणारा शब्द मराठींत नाहीं. मग तेथें 'ल' चालवून घ्यावा कीं नाहीं, यावर तावातावानें भांडण! व्याकरणाचें पुस्तक जो भेद एका ओळींत उरकतें, तो अशा भांडणांत कानांत कायमचा बसतो.

संस्कृत पंडितांनाही या क्रीडेचें वावडें नव्हतें. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त मंत्रगुप्ताचा ओठ दुखावलेला असतो, म्हणून तो आपली सबंध हकीकत प, फ, ब, भ, म हीं अक्षरें टाळून सांगतो. असा एक परिच्छेद बोलून पाहावा, म्हणजे शब्दसंग्रह किती आहे तें कळतें.

पंतोजींच्या शाळेचें गुणगान करण्याचें कारण नाहीं. तेथें छडी होती आणि अर्थाची विचारपूस बेताचीच होती. परंतु पाढे आणि परवचा तोंडानें चालत. 1855 सालीं मुंबई इलाख्यांत सरकारी शिक्षणखातें निघालें, छापील क्रमिक पुस्तकें आलीं, आणि 1859 सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुस्तकांनीं ज्ञान घरोघर नेलें, हें खरें. पण उत्तराच्या कागदाला कान नसतात. वर्गांत मुलानें गप्प बसणें ही शिस्त ठरली, आणि बोलण्याचे खेळ ओसरीवर गेले. ज्या स्त्रियांना पुस्तकापासून दूर ठेवलें होतें, त्यांनींच उखाण्यांत आणि मंगळागौरीच्या जागरणांत ही कला जतन केली. शाळेनें त्या विद्येची कधीं दखल घेतली नाहीं.

वर्गाचें दार पुन्हां उघडलें तें बालशिक्षणाच्या चळवळीमुळें. गिजुभाई बधेका यांनीं 1920 सालीं भावनगरला बालमंदिर काढलें. मॉंटेसरीबाई 1939 सालीं मद्रासला आल्या. त्यांच्या पद्धतींतला शांततेचा खेळ ऐकण्याचाच आहे. सारीं मुलें निश्चल बसतात, शिक्षिका दुरून एकेकाचें नांव हलकेच उच्चारते, आणि ज्याला तें ऐकूं येईल त्यानें पाऊल न वाजवतां उठून जावयाचें.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डीस, व 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, हें कार्य आदिवासी मुलांपर्यंत नेलें. तेथल्या वारली मुलांची घरची बोली निराळी. पुस्तकाची मराठी त्यांना परकी. म्हणून अक्षराआधीं गाणीं, गोष्टी आणि बडबड आली.