साल आणि गोळी

पाचोडच्या आमच्या घरी आबांना स्टेंट बसवून चार महिने झाले होते. तब्येत सुधारल्यासारखी वाटली, तशा त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि बाजारातून आणलेली अर्जुनसादड्याची साल दुधात उकळून प्यायला लागले. घरात कुणाला पत्ता नव्हता. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या असतात. एका रात्री छातीत कळ आली, घामानं सदरा भिजला. शहर गाठेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. आबा वाचले.

माझा सगळा राग त्या सालीवर होता. इतिहास वाचल्यावर तो सालीवरून उतरला.

हृदयरोगावर अर्जुनाच्या सालीचं दूध द्यावं, असं अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात आहे. म्हणजे आबांनी काही मनानं शोधून काढलं नव्हतं. पण जुनं म्हणजे तपासलेलं, असं होत नाही. तपासणं काय असतं, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी दाखवलं. सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. वकिलांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, रक्तदाब मोजत राहिले आणि १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे हेही कळलं, की मोठ्या मात्रेत याच औषधानं काहींना नैराश्य येतं. झाडपाल्यानं काही अपाय होत नाही, ही समजूत तिथंच मोडते.

अर्जुनाचीही तपासणी झाली. १९९५मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दिला. थोडा फायदा दिसला. रुग्ण मोजकेच, त्यामुळे त्यावरून फार मोठं बोलता येत नाही. पण एक गोष्ट मी दोनदा वाचली: त्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती. साल जोडीला होती, बदली नव्हती.

पुढच्या तपासणीला मी सालीची पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “किती घेत होता? कधी? गोळ्या कधीपासून बंद होत्या?”

आबा खाली बघत म्हणाले, “मूठभर.”

बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही तिथंच, बोटांवर दिवस मोजत काढली.